चांदीचा जुना चमचा, दांडीवर ताज का आपला मकबरा?

परभणीवाला:
मंडळी, आज्जीच्या ट्रंकेत कापडात गुंडाळलेला चांदीचा चमचा सापडलाय, चहाच्या चमच्याएवढाच, दांडीच्या टोकाला घुमट आणि चार मिनार कोरलेत. आजोबा निजामाच्या रेल्वेत होते, कुण्या साहेबानं दिला म्हणे. मामा म्हणतात ताजमहाल, मला बीबी का मकबरा वाटतोय. सराफ्यात दाखवला तर म्हणाले मोडीत घाला, वजनाचा भाव देतो. काय करावं?

जालनेकर:
मोडीत अजिबात नका घालू!! एवढ्याशा चमच्यात चांदी किती येणार, दहा-वीस ग्रॅम, आणि एकदा आटवला की मिनार गेले ते गेलेच. फिरायला गेलं की त्या गावची खूण म्हणून असा चमचा आणायची 1890 नंतर अमेरिकेत फार फॅशन होती, तिकडच्या सेलम गावचा चेटकिणीवाला चमचा खूप गाजला. आधी मागची बाजू भिंगाखाली धरा. चालता सिंह असेल तर इंग्लंडची स्टर्लिंग म्हणजे 92.5 टक्के चांदी, सोबत जहाजाचा नांगर असला तर बर्मिंगहॅम, शेजारच्या अक्षरावरून साल निघतं. ईपीएनएस लिहिलेलं असलं तर निकेलच्या मिश्रधातूवर नुसता चांदीचा मुलामा.

परभणीवाला:
सिंह-बिंह काहीच नाही हो, मागून अगदी कोरा आहे. मग नकली समजायचा का?

छावणीकर:
नाही नाही, असं धरू नका. इंग्रजांच्या काळात आपल्याकडच्या कारागिरांच्या पुष्कळ मालावर शिक्का नसायचाच. कस लावून घ्या पण दांडीच्या मागं, नक्षीवर नको. आता ताज का मकबरा ते मिनारांवरून बघा. ताजची मधली इमारत रुंद, मिनार तिच्यापासून लांब उभे. मकबऱ्याची अंगानं अरुंद, मिनार खेटून, त्यामुळं सगळं उभट दिसतं. औरंगजेबाच्या मुलानं, आझमशहानं, आई दिलरास बानूसाठी मकबरा बांधताना नमुना ताजचाच धरला होता, तर मामांचं पण काही वावगं नाही. फोटो टाका, समोरून, दिवसाच्या उजेडात. आणि कृपा करून राखेनं किंवा पावडरीनं घासू नका! रेघांमधलं काळं आहे म्हणूनच तर कोरीव काम उठून दिसतंय.

परभणीवाला:
मिनार खेटूनच आहेत!! फोटो उद्या टाकतो. तोवर ठेवू कशात?

जालनेकर:
साध्या धुतलेल्या सुती कापडात. लोकर नको, रबरबँड तर मुळीच नको, त्यातल्या गंधकानं चांदी लवकर काळी पडते.