सुशे यांच्या आठवणी वाचल्यानंतरचा पॉयरो

इंग्रज अभिनेते डेव्हिड सुशे यांनी १९८९ ते २०१३ या काळात दूरचित्रवाणी मालिकेच्या ७० भागांतून अगाथा क्रिस्टी यांच्या कथांतला गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो साकारला आणि मालिका संपली त्याच वर्षी त्यांचे ‘पॉयरो अँड मी’ हे आठवणींचे पुस्तक आले. ते वाचून मालिका पुन्हा पाहताना आपल्याला काय वेगळे दिसले, ते प्रत्येकाने इथे लिहावे. खुनी कोण हे मात्र कृपया सांगू नये. सुरुवात मीच करतो.

मी हौशी नाटकांत कामे करतो. संवाद पाठ करायचे आणि उरलेले दिग्दर्शक सांगेल तसे, ही आमची रीत. सुशे यांनी मात्र क्रिस्टीबाईंच्या कथा वाचता वाचता पॉयरोच्या सवयींची ९३ मुद्द्यांची यादी केली. चहाला तो ‘इंग्रजांचे विष’ म्हणतो, हेही तीत आहे. चाल बसवण्यासाठी त्यांनी नितंबांमध्ये नाणे धरून फेऱ्या मारल्या, हे वाचून मीही तालमीच्या सभागृहात कोणी नसताना, पँटवरूनच, दोन रुपयांचे नाणे धरून पाहिले. सहाव्या पावलाला ते फरशीवर खणखणले आणि नेमका चहावाला दारात उभा! पण तेवढ्यात गुडघे आखडले होते, पाऊल आखूड पडू लागले होते, आणि चाल पायांत नव्हे तर कमरेत ठरते, हे मला वीस वर्षे रंगमंचावर वावरल्यावर कळले.

*

पुस्तक मधल्या भागात कंटाळवाणे होते. एकामागून एक भागांची कथानके येत राहतात. रुमालाचा प्रसंग मात्र विसरत नाही. बाकावर बसण्यापूर्वी पॉयरो रुमालाने तो पुसणारच, असा सुशे यांचा हट्ट होता; दिग्दर्शकाला ते हास्यास्पद वाटले, काम थांबले आणि अखेर निर्मात्याने सुशे यांच्या बाजूने कौल दिला. माझे वडील एसटी स्थानकातील बाकावर असाच रुमाल अंथरीत, चारही कोपरे नीट ओढून, आणि आम्ही भावंडे लांब उभी राहून फिदीफिदी हसत असू. क्रिस्टीबाईंच्या कन्या रोझालिंड हिक्स यांनी सुशे यांना बजावले होते, की प्रेक्षकांनी पॉयरोबरोबर हसावे, पॉयरोला हसू नये. ते वाक्य वाचून मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले.

*

लंडनला असताना चार्टरहाउस चौकातील फ्लोरिन कोर्ट, म्हणजेच मालिकेत पॉयरो राहतो ती व्हाइटहेवन मॅन्शन्स ही इमारत, पाहून आले. दर्शनी भागाची वळणे पडद्यावरच्यासारखीच आहेत. आत अर्थातच जाता आले नाही.

*

पुस्तक उघडताच पॉयरोच्या मृत्यूचे चित्रीकरण समोर येते, म्हणून मी ते दोनदा खाली ठेवले होते. पुढे कळले, की तो ‘कर्टन’ नावाचा भाग आधी चित्रित झाला आणि सर्वांत शेवटचे चित्रीकरण डेव्हनमधील ग्रीनवे येथे, खुद्द क्रिस्टीबाईंच्या घरी, पॉयरो जिवंत असलेल्या कथेचे झाले. मीही आता तोच क्रम धरला आहे: ‘कर्टन’ गेल्या रविवारी पाहिला, ग्रीनवेचा भाग अजून राखून ठेवला आहे.