आजारी वडिलांना महाबळेश्वरला न्यावे का?

प्रश्न (कोथरूड, पुणे): बाबांना फुफ्फुसांचा गंभीर आजार असून घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतला प्राणवायू वेगळा करून देणारे, विजेवर चालणारे यंत्र) लागतो, तरीही नातवंडांसह एकदा महाबळेश्वरला जावे, अशी त्यांची मनापासून इच्छा आहे. काय करावे?

उत्तर १: पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर, तर महाबळेश्वर जवळपास १३७० मीटरवर असल्याने तिथली हवा विरळ असते, म्हणून त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घाट चढू नये.

उत्तर २: त्यापेक्षा पसरणी घाटाच्या पायथ्याशी, वाईत मुक्काम करावा. माझ्या आईला आम्ही तिथेच नेले होते. कृष्णेकाठी ती तासभर शांत बसली. मात्र खोली तळमजल्यावरची घ्यावी आणि जनरेटरची खात्री आधीच करावी.

प्रश्नकर्ता: वाईचे नाव काढताच बाबांना ढोल्या गणपती आठवला. सोमवारीच डॉक्टरांना भेटतो.