केळीखोडाचा धागा काढायचं यंत्र: स्टेटमेंट ऑफ वर्क कसं लिहायचं?

प्रश्न (जळगाव): फायनल इयर मेकॅनिकल, चौघांचा गट. यंत्र यावलकडच्या एका शेतकऱ्यासाठी. स्टेटमेंट ऑफ वर्कमध्ये (काय काम, कधीपर्यंत, कोणी करायचं याचा लेखी मसुदा) 'कमी खर्चाचं, उत्तम यंत्र बनवू' असं लिहिलं, तर गाईडने परत पाठवलं. काय चुकलं?

उत्तर १: 'उत्तम' मोजणार कसं, भाऊ? असं लिहा: 'सिंगल फेज 230 व्होल्ट, 2 एचपी मोटर, तासाला 20 किलो ओली सोपटं (खोडाचे सुटे केलेले पदर), रोलर आणि खरवडायच्या पट्टीतली फट 1 ते 3 मिमी बदलता येईल.' चाचणीचा मालही ठरवा: 'खोड कापल्यापासून 24 तासांच्या आत.' सुकलेल्या सोपटाचा धागा तुटतो, आणि मग दोष यंत्राचा की मालाचा यावरच वाद. खोडं कोण आणणार, किती, तेही लिहा.

सगळ्यात जास्त राहतं ते 'यात काय नाही': धागा वाळवणं, रंगवणं, चोथ्याची विल्हेवाट.

उत्तर २: वेळापत्रकात 'आठवडा 6: डिझाइन' नको. 'आठवडा 6: शाफ्टचं गणित आणि असेंब्ली ड्रॉइंग, गाईडच्या सहीसह' लिहा. लेथचं काम बाहेर देणार असाल तर दिवाळीचा आठवडा सोडून धरा. फिरत्या रोलरवर जाळी आणि हाताशी स्टॉप बटण, हे पर्यायी नाही. मोटरचे पैसे कोणाचे आणि शेवटी ती कोणाकडे राहणार?

प्रश्नकर्ता: शेतकरी आता म्हणतोय, मोटरऐवजी ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या शाफ्टवर) चालवा.

उत्तर १: पीटीओ म्हणजे सहसा मिनिटाला 540 फेरे (आरपीएम); पुली, शाफ्ट, गार्ड सगळं बदलतं. 'बदल लेखीच, वाढीव दिवस आणि खर्चासह, गट, गाईड आणि शेतकरी अशा तिघांच्या सहीने' हे कलम आजच घाला.