वसतिगृहातला पेसाह: मत्सा, गिरणी आणि एप्रिलचं ऊन

रेवदंड्याची_लेक
नमस्कार मंडळी. मी बेने इस्राएल (महाराष्ट्रातले ज्यू), वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात वसतिगृहात राहते. यंदा पेसाह, म्हणजे गव्हासारख्या धान्याचं आंबलेलं (खमीर) खायचं-ठेवायचं नाही असा आपला आठ दिवसांचा सण, १ एप्रिल २०२६ला संध्याकाळी लागतो आणि परीक्षेमुळे घरी जाणं होणार नाही. मेस शाकाहारी आहे, स्वयंपाकघरातली एक शेगडी वापरायची परवानगी मिळाली आहे. मत्सा, म्हणजे बिनखमिराची पोळी, तव्यावर करता येईल का? आठ दिवस जेवायचं काय? जिल्ह्यात दारूबंदी, मग सेदरच्या (पहिल्या दोन रात्रींच्या विधीच्या जेवणाच्या) वाइनच्या चार प्याल्यांचं काय? आणि खोलीतल्या मैत्रिणींच्या बिस्किटांचं?

खमीरविना
ताई, शक्य असेल तर सेदरपुरत्या मत्सा घरून पार्सलने मागवा. तव्यावर होतात, पण घड्याळ समोर ठेवूनच. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत मत्सा भाजून झालीच पाहिजे.

एका घाणीला १०० ग्रॅम कणीक आणि साधारण ४५ मिली पाणी. मीठ नाही, तेल नाही. यात तीन पातळ मत्सा होतात. मोठा गोळा मळलात तर शेवटच्या मत्सेपर्यंत वेळ टळतो, म्हणून लहान घाणीच घ्या.

तुमच्याकडे खरी अडचण पाण्याची आहे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी एप्रिलमध्ये दुपारी चटका बसेल इतकं तापतं आणि कोमट पाण्याने पीठ लवकर आंबतं. आदल्या संध्याकाळी पाणी भरून, स्टीलच्या भांड्यात झाकून रात्रभर गार जागी ठेवा आणि तेच वापरा. मळणं भल्या पहाटे, शेगडीपासून लांब, उन्हाबाहेर.

तवा आधीच कडक तापलेला हवा. लाटून झालं की काट्याने सगळीकडे टोचा. पोळी टम्म फुगली की आपल्याला बरं वाटतं, पण मत्सा फुगली किंवा दुमडली तर तेवढा भाग बाद. झाली की नाही हे मोडून बघा, आत पिठाची तार ओढली जाता कामा नये. प्रत्येक घाणीनंतर पोळपाट, लाटणं आणि हात धुवा. फटीत राहिलेलं पीठ पुढची घाण बिघडवतं. पोळपाट-लाटणं आणि तवा नवेच घ्या.

गिरणीवाला_भाऊ
ताई, गिरणीचं मी सांगतो. सकायी पयल्यांदा जा, जात्यात दुसऱ्याचं पीठ राह्यते. गहू कोरडेच न्या. काही लोक पाणी मारून आणतात, तसं करू नका. पयलं किलोभर पीठ बाजूले काढून द्या अन् मंग आपलं घ्या. ज्वारी दळाची असन तं आणखीनच जपा, कावून का त्याच जात्यावर गव्हाचं दळण असते. ज्वारी जास्त टाका, पयली दोन-तीन किलो वेगळी काढा.

खमीरविना
भाऊंनी नेमकं सांगितलं. खमीर होणारी धान्यं पाचच: गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट. ज्वारी त्यात नाही. आपल्याकडे पेसाहला भात चालतो, तशी ज्वारीची भाकरीही चालते. म्हणजे आठ दिवसांचं जेवण गावातच आहे. फक्त सेदरची मत्सा ज्वारीची चालणार नाही, ती याच पाचांपैकी एकाची लागते. तांदूळ तीनदा निवडा, गव्हाचा दाणा सापडतो. हिंगाच्या डबीवरचं वाचा: बहुतेक बांधणीच्या हिंगात मैदा असतो, म्हणून मेसची फोडणीची डाळ आठ दिवस नको.

मैत्रिणींची बिस्किटं त्यांचीच राहू द्या. तुमच्या मालकीचं खमीर तेवढं काढायचं. ३१ मार्चच्या रात्री खमिराचा शोध, १ तारखेला सकाळी दहाच्या आत खाणं संपवा आणि अकराच्या आत उरलेलं जाळा.

सेदरवाली
तारखा नीट बघा. २ आणि ३ एप्रिल सणाचे, लगेच ४ला शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा. सलग तीन दिवस नवा विस्तव पेटवता येत नाही. शुक्रवारी शब्बाथसाठी रांधायचं असेल तर बुधवारीच एक मत्सा आणि एक उकडलेलं अंडं बाजूला काढून एरूव तवशिलीन (तसं रांधायची मुभा देणारा विधी) करून ठेवा. उन्हाळ्यात शिजवलेलं टिकत नाही. फ्रिज नसेल तर भाकरी, फळं, काकडी यावर भर द्या.

प्याल्यांना काळ्या मनुकांचं पाणी, तेच आपलं जुनं. अर्धा किलो मनुका चिरून एक लिटर पाण्यात ३० तारखेच्या रात्री भिजवा, ३१ला कुस्करून गाळा, पाच मिनिटं उकळा आणि बाटलीत भरून गार ठेवा. बाहेर राहिलं तर आंबट होतं. एका प्याल्याला निदान ८६ मिली, म्हणजे दोन्ही रात्रींना सातशे मिली पुरतं. सणाच्या दिवशी पिळता येत नाही, म्हणून एकदमच करा.

सेदरच्या थाळीत नळीच्या हाडाऐवजी भाजलेलं बीट ठेवा. तल्मुद या धर्मग्रंथात रव हुना या गुरूंनी थाळीतल्या दोन शिजवलेल्या पदार्थांसाठी बीट आणि भात सांगितला आहे, शाकाहारी मेसमध्ये तो आधार भक्कम. थाळीतला खजुराचा शिरा, म्हणजे दाट पाक, करायला पाव किलो बिनबियांचे खजूर दोन वाट्या पाण्यात शिजवा, गाळा आणि मंद आचेवर मधाइतका दाट होईपर्यंत आटवा. तारा दिसल्यावर, सातच्या पुढे सेदरला बसा. शेवटची मत्सा मध्यरात्रीआधी.

रेवदंड्याची_लेक
खूप आभार. सेदरला खायच्या कडू पाल्यासाठी कडुनिंब घेऊ का? दारातच झाड आहे.

सेदरवाली
नको. झाडाचा पाला चालत नाही, जमिनीवर उगवणारी पालेभाजी लागते. वर्ध्याच्या किंवा नागपूरच्या बाजारातून सॅलडची पानं (लेट्यूस) आणवा. ३१लाच आणा, ओल्या फडक्यात गुंडाळा आणि पानांमधले किडे बघून धुवा.