केळीच्या बागेचं फुटेज: कार्डावर पानन्‌पान वेगळं, पाठवलं की भरीत

केळीपट्टा_रावेर (प्रश्न)

राम राम मंडळी. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या बागा, हतनूर धरणाच्या फुगवट्यावरची संध्याकाळ आणि मागे सातपुडा, असा साधारण दहा मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे. ड्रोनचं फुटेज ४के, ३० फ्रेम, एच.२६४, ८ बिट, १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट). एडिटिंग डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत, विंडोज लॅपटॉप, १६ जीबी रॅम. फुटेज जड जातं म्हणून प्रॉक्सी (एडिटपुरत्या हलक्या प्रती) करून काम चाललंय. एक्सपोर्ट १०८०पी, १० एमबीपीएस.

अडचणी तीन. कार्डावरची मूळ फाइल पाहिली तर पानन्‌पान मोजता येतं, पण एक्सपोर्टमध्ये बागेचा हिरवा चिखल होतो आणि मोबाइलवरून पुढे गेली की सरळ भरीत. दुसरी, मावळतीच्या आभाळात पट्टे दिसतात. तिसरी, ड्रोन वळतो तिथे चित्र अडखळतं. मूळ फाइल मात्र तिथे गुळगुळीत चालते.

व्हिडिओ तीन ठिकाणी जायचाय: बागायतदारांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, यूट्यूब, आणि पेनड्राइव्हवरून टीव्ही. आकड्यांत सांगा भाऊ, ‘सेटिंग चांगली ठेवा’ असं मोघम नको.

तापीकाठ

तिसरी अडचण आधी, कारण ती लिहिल्यावरूनच ओळखू येते. रिझॉल्व्हचा नवा प्रोजेक्ट मुळात १९२०×१०८० आणि २४ फ्रेमवर असतो. पहिली क्लिप आत घेताना ‘फ्रेम रेट बदलू का?’ असं विचारणारी खिडकी येते. तिथे ‘डोन्ट चेंज’ दाबलं गेलं की ३० फ्रेमचं फुटेज २४ च्या टाइमलाइनवर बसतं आणि दर सेकंदाला ६ फ्रेम गाळल्या जातात. स्थिर चित्रात कळत नाही, ड्रोन वळला की लगेच कळतं. मीडिया आत आल्यावर प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही. तरी सगळं काम पुसायची गरज नाही. नवी टाइमलाइन घ्या, ‘यूज प्रोजेक्ट सेटिंग्ज’ची टिक काढा, फॉरमॅटमध्ये ३८४०×२१६० घाला आणि फ्रेम रेट क्लिपच्या माहितीत दिसतो तोच ठेवा. पुष्कळ ड्रोन ‘३०’ म्हणतात आणि लिहितात २९.९७. जुन्या टाइमलाइनवरचे कट तिथे कॉपी करा, मात्र प्रत्येक कट एकदा डोळ्याखालून घाला, एखाद-दुसऱ्या फ्रेमने सरकलेला असू शकतो.

आता चिखलाचं. व्हिडिओ दाबताना कोडेक (दाबून लहान करायची पद्धत, जसं एच.२६४) मागच्या फ्रेममधला तुकडा उचलून पुढच्या फ्रेममध्ये सरकवतो आणि जेवढा फरक उरला तेवढाच लिहितो. डांबरी रस्ता, घराची गच्ची, नांगरलेलं कोरडं रान सहज सरकतं. केळीचं पान वाऱ्याने फाटून चिंध्या झालेलं असतं, प्रत्येक चिंधी वेगळ्या दिशेला हलते, आणि असं हजारो पानांचं. काहीच नीट सरकत नाही, सगळंच नव्याने लिहावं लागतं. बिट संपले की कोडेक बारीक तपशील पुसून टाकतो. म्हणून १० एमबीपीएसवर लग्नाचा मंडप चालून जातो आणि तीच सेटिंग केळीला पुरत नाही. फुलावर आलेली कपाशी आणि वाऱ्याने चुरगळलेलं तापीचं पाणी यांचीही हीच गत.

हिशोब करून बघा. ४के ३० ला १०० एमबीपीएस म्हणजे दर पिक्सेलला साधारण ०.४ बिट. १०८०पी ३० ला १० एमबीपीएस म्हणजे ०.१६. पिक्सेल चौपट कमी केले, पण बिट दहापट कमी केले. शिवाय ही दुसरी दाबणी. पहिली ड्रोनने केली, तिसरी यूट्यूब किंवा व्हॉट्सअ‍ॅप करणार, आणि ती तुमच्या हातात नाही. मधली दाबणी इतकी सैल ठेवायची की तिचा डाग पुढे जाऊच नये.

म्हणून थेट वाटायची फाइल काढूच नका. आधी मास्टर, म्हणजे अगदी कमी दाबलेली मुख्य प्रत, काढा. रिझॉल्व्हच्या डिलिव्हर (एक्सपोर्टच्या) पानावर क्विकटाइम, कोडेक डीएनएक्सएचआर, प्रकार एचक्यू, ३८४०×२१६०. फाइल मिनिटाला कित्येक जीबी होईल, त्यामुळे डिस्कवर जागा करून ठेवा. जागा नसेल तर एच.२६४ मध्ये ‘क्वालिटी’खाली ‘रिस्ट्रिक्ट टू’ निवडून ८०००० ते १००००० किलोबिट प्रति सेकंद. मग या मास्टरपासून हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ठिकाणची वेगळी प्रत काढा: एक्स२६४ (एच.२६४ फाइल बनवणारा एन्कोडर), कॉन्स्टंट क्वालिटी आरएफ १८ (आकडा लहान तेवढा दर्जा वर), प्रीसेट ‘स्लो’. लॅपटॉपच्या ग्राफिक कार्डावरचा एन्कोडर झटपट उरकतो, पण तेवढ्याच बिटमध्ये ‘स्लो’वरचा एक्स२६४ पानं जास्त धरून ठेवतो. आरएफ १८ ला केळीच्या ४के फुटेजची फाइल कधीकधी मूळ ड्रोन फाइलपेक्षाही मोठी होते. ते बिघडल्याचं लक्षण नाही. आरएफ दर्जा धरून ठेवतो, आकार नाही. फारच फुगली तर २० करा.

आणि प्रॉक्सी! डिलिव्हर पानावर व्हिडिओच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये ‘यूज प्रॉक्सी मीडिया’ आणि ‘यूज ऑप्टिमाइज्ड मीडिया’ अशा दोन टिक असतात. दोन्ही काढलेल्या हव्यात. नाहीतर अख्खा व्हिडिओ त्या हलक्या प्रतींवरून निघतो आणि माणूस बिटरेट वाढवत बसतो, फरक शून्य.

गिरणाथडी

तापीकाठ भाऊंचं बरोबर आहे, पण त्याही आधी एक तपासा. काही क्लिप मोबाइलमधून तर आल्या नाहीत ना? उडवताना ड्रोनचं अ‍ॅप स्वतःसाठी एक हलकी प्रत फोनच्या कॅशमध्ये ठेवतं. गॅलरीत तीच दिसते आणि लोक तीच मूळ समजून एडिटला घेतात. ओळखायचं कसं? फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये रिझोल्यूशन बघा आणि आकार बघा. १०० एमबीपीएसला एक मिनिट ७५० एमबी भरलं पाहिजे. मिनिटाची फाइल ४०-५० एमबी असेल तर ती मूळ नाही. काही डीजेआय ड्रोनच्या कार्डावर प्रत्येक क्लिपशेजारी ‘एलआरएफ’ नावाची छोटी फाइलही असते. तीही पूर्वदृश्यासाठीच. कार्ड काढून रीडरने कॉपी करा. अ‍ॅपमध्ये कापाकापी करून सेव्ह केलं की आणखी एक दाबणी वाढते, हेही लक्षात असू द्या.

आता वाटप. व्हॉट्सअ‍ॅपवर गॅलरीतून व्हिडिओ निवडला की तो परत दाबला जातोच. ‘एचडी’ निवडलं तरी ४के जात नाही. पिनेच्या खुणेवर जाऊन ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते, मर्यादा २ जीबी. पण खरं सांगायचं तर ग्रुपवर दीड-दोन जीबीची फाइल कोणी उतरवत नाही, आणि उतरवली की फोन भरला म्हणून तुम्हालाच फोन. ग्रुपसाठी ४५ सेकंदांचा तुकडा करा: १०८०पी, एक्स२६४, आरएफ २०, डॉक्युमेंट म्हणून. आणि सोबत यूट्यूबची लिंक. स्टेटसवर मात्र डॉक्युमेंट चालत नाही. तिथे उंचावरून दिसणारी अख्खी बाग टाकूच नका, पाटाचा किंवा रस्त्याचा मोठ्या आकारांचा शॉट टाका, तो दाबणी सहन करतो.

यूट्यूबला १०८०पी चढवू नका, ४केच चढवा. ४के, ३० फ्रेमच्या साध्या व्हिडिओला त्यांची स्वतःची शिफारस ३५ ते ४५ एमबीपीएस आहे, १०८०पी ला फक्त ८. केळीसाठी ६० च्या आसपास द्या, जास्त दिल्याने बिघडत नाही, फक्त अपलोडला वेळ लागतो. आणखी एक फायदा: १४४०पी किंवा त्याहून मोठ्या व्हिडिओला यूट्यूब सहसा व्हीपी९ सारखा चांगला कोडेक देतं, साध्या चॅनलच्या १०८०पी ला बहुतेक वेळा जुना एव्हीसीच (एच.२६४) मिळतो. म्हणजे बघणाऱ्याने नंतर १०८०पी वरच बघितलं तरी ४के चढवलेला व्हिडिओ उजवा दिसतो. चढवल्या चढवल्या लिंक फिरवू नका. आधी फक्त ३६०पी तयार होतं, ४के व्हायला बराच वेळ लागतो. तोवर ‘अनलिस्टेड’ ठेवा, सेटिंगमध्ये २१६०पी दिसलं की जाहीर करा.

रील करणार असाल तर ४के फ्रेममधून उभा ९:१६ तुकडा काढला की १२१५×२१६० उरतात, म्हणजे १०८०×१९२० ला पुरून उरतात. तोच तुकडा १०८०पी मधून काढला तर रुंदीला जेमतेम ६०७ पिक्सेल. इन्स्टाग्रामच्या मीडिया क्वालिटी सेटिंगमध्ये ‘अपलोड अ‍ॅट हायेस्ट क्वालिटी’ चालू करा. ते मुळात बंद असतं.

गूगल ड्राइव्हची लिंक दिली तर सोबत ‘आधी डाउनलोड करा’ असं ठळक लिहा. ड्राइव्हमध्येच प्ले केलं तर त्यांनी दाबलेली प्रत दिसते आणि लोक म्हणतात व्हिडिओ धुरकट आहे.

सातपुडा_वारा

वरच्या दोघांनी कॉम्प्युटरवरचं सांगितलं. अर्धं नुकसान मात्र उडवतानाच होतं, तेही बघा.

भर दुपारी ऑटोवर उडवलं तर शटर (एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) १/३२००-१/४००० सेकंदाच्या घरात जातं. मग प्रत्येक फ्रेममध्ये प्रत्येक चिंधी कोरल्यासारखी टोकदार येते, आणि तेच कोडेकला सगळ्यात महाग पडतं. ३० फ्रेमला शटर १/६० धरा. चालत्या पानांना थोडी पुसट रेघ येते, डोळ्याला ती नैसर्गिक वाटते आणि बिटही वाचतात. त्यासाठी एनडी फिल्टर (लेन्सवरची उजेड कमी करणारी काच) लागतो. उन्हात आयएसओ १०० आणि एफ/२.८ ला शटर साधारण १/३२०० पडतं. तिथून १/६० वर यायला जवळजवळ सहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे एनडी६४. लेन्स एफ/१.७ ची असेल तर एनडी१२८. संध्याकाळी हतनूरला एनडी८ पुरे, सूर्य टेकल्यावर काढूनच टाका.

मे महिन्यातल्या उन्हात फोन तापला की स्क्रीन आपोआप मंद होते. चित्र अंधारं वाटतं, माणूस एक्सपोजर वाढवतो आणि आभाळ जळतं. स्क्रीनवर विसंबू नका, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लावा.

पट्ट्यांचं कारण ८ बिट. प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. मावळतीचं आभाळ त्यातल्या थोड्याशाच पायऱ्यांवर पसरलेलं असतं, आणि ग्रेडिंगमध्ये (रंग सुधारताना) केशरी ताणलं की पायऱ्या उघड्या पडतात. त्यामुळे संध्याकाळच्या शॉटमध्ये सॅच्युरेशन आणि कॉन्ट्रास्ट हलक्या हाताने. ८ बिटला सपाट लॉग प्रोफाइल (रंग नंतर चढवायचे म्हणून फिकट घेतलेलं चित्र) घेऊ नका, नंतर ताणताना पट्टे वाढतात. १० बिटचा ड्रोन असेल तेव्हा लॉग जरूर घ्या. आता काढून झालेल्या फुटेजवर उपाय म्हणजे बारीक ग्रेन (जुन्या फिल्मसारखा दाणा). रिझॉल्व्हचा फिल्म ग्रेन इफेक्ट पैशाच्या आवृत्तीत आहे, पण ग्रेनची क्लिप वरच्या ट्रॅकवर ठेवून कंपोझिट मोड ‘ओव्हरले’, ओपॅसिटी ८ ते १२ टक्के केली तरी काम होतं. फक्त आभाळाच्या शॉटवर लावा. बागेवर ग्रेन टाकणं म्हणजे आधीच उपाशी कोडेकच्या तोंडचा घास काढणं.

ड्रोनमध्ये शार्पनेस बदलायची सोय असेल तर उणे १ वर ठेवा. आणि वळवताना इतकं सावकाश की फ्रेमच्या एका कडेला दिसलेलं झाड दुसऱ्या कडेला पोचायला सातेक सेकंद लागावीत. सकाळी वारा पडलेला असताना, दहिवर असेपर्यंत उडवलं तर पानं हलतच नाहीत. त्या फुटेजला निम्मा बिटरेटही पुरतो.

गावातल्या दिव्यांचा रात्रीचा शॉट असेल तर शटर १/६० नको. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. तिथे १/५० किंवा १/१००.

केळीपट्टा_रावेर

टाइमलाइन खरंच २४ ची निघाली, आणि प्रॉक्सीची टिकही लावलेलीच होती. दोन प्रश्न उरले. पेनड्राइव्हसाठी एच.२६५ काढू का, फाइल लहान होते म्हणून? आणि लांब उड्डाणाची क्लिप साडेपाच मिनिटांनी तुटून दुसरी फाइल सुरू होते, तिथला सांधा कसा लपवायचा?

तापीकाठ

सांधा लपवायची गरज नाही. ड्रोन ४ जीबीला फाइल तोडतो, १०० एमबीपीएसला ती साडेपाच मिनिटांच्या आतबाहेर भरते. दोन्ही फाइल टाइमलाइनवर एकमेकींना चिकटवून ठेवा, मध्ये ट्रान्झिशन घालू नका, जोड दिसत नाही.

पेनड्राइव्हला एच.२६४ च. जुने टीव्ही एच.२६५ वर नुसता काळा पडदा किंवा नुसता आवाज देतात, आणि कोणाच्या घरी कोणता टीव्ही आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. पेनड्राइव्हचा फॉरमॅट एफएटी३२ असेल तर ४ जीबीवरची फाइल त्यावर बसत नाही, आणि एक्सफॅट सगळे टीव्ही वाचत नाहीत. दहा मिनिटांना ४५ एमबीपीएस धरलं तर ३.४ जीबी होते, तेवढ्यात भागवा. हँडब्रेकमध्ये या एका प्रतीसाठी आरएफऐवजी अ‍ॅव्हरेज बिटरेट ४५००० द्या आणि टू-पास (आधी तपासून मग दाबणं) चालू करा, म्हणजे पाटाच्या शॉटमध्ये वाचलेले बिट बागेच्या शॉटला मिळतात.

गिरणाथडी

हँडब्रेकचं एक राहिलं. ‘डायमेन्शन्स’मध्ये रिझोल्यूशन लिमिट बघा, ‘फास्ट १०८०पी ३०’ प्रीसेट निवडलेलं असेल तर ४केचा मास्टर गुपचूप १०८०पी होतो. तिथे २१६०पी करा. आणि दहाच्या दहा मिनिटं एन्कोड करण्याआधी वारा सुटलेल्या बागेतली सगळ्यात वाईट दहा सेकंदं कापून तेवढीच प्रत काढा आणि टीव्हीवर लावून बघा. ती टिकली तर बाकी सगळं टिकतं.