मदत हवी आहे: उन्हाळ्यातील धावण्याचा सराव नकाशावरील प्रवासाच्या रूपात कसा आखावा?

नमस्कार. आमच्या छोट्या गटाने उन्हाळ्यातील लांब पल्ल्याचा सराव या वेळी नकाशावरील प्रवासाच्या रूपात करण्याचे ठरवले आहे. एखाद्या प्रदेशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मार्ग आखायचा, प्रत्येकाने आपापल्या जागी धावलेले किंवा चाललेले अंतर रोज नोंदवायचे आणि नकाशावर तेवढेच पुढे सरकायचे, अशी ही कल्पना आहे. २०२० साली लांब पल्ल्याच्या शर्यतींचे अमेरिकी आयोजक लॅझरस लेक यांनी भरवलेली, अमेरिकेतील टेनेसी राज्य ओलांडण्याची आभासी शर्यत आमच्या डोळ्यांसमोर आहे. तिच्यात १ मे ते ३१ ऑगस्ट या काळात राज्याच्या नैर्ऋत्य टोकापासून ईशान्य टोकापर्यंत १००० किलोमीटरहून थोडे अधिक अंतर कापायचे होते.

हाच हिशेब आपल्याला लावून पाहिला, की अडचण समोर येते. १२३ दिवसांत एवढे अंतर म्हणजे दिवसाला सव्वाआठ, आठवड्याला सुमारे ५८ किलोमीटर. जो आधीपासून आठवड्याला ५० किलोमीटर धावतो त्याला हे झेपेल; पण ज्याची मजल वीसच्या आत आहे त्याने एकदम तिप्पट अंतर अंगावर घेतले, तर नडगी किंवा टाच दुखावल्याशिवाय राहणार नाही. नवख्यांचा एक किलोमीटर नकाशावर तीन धरावा, अशी सूचना आली होती. मला ती पटली नाही, कारण पुढचे गाव आपल्या पायांनी गाठल्याचा आनंदच त्यात जातो. त्यापेक्षा त्यांच्यासाठी निराळा, आखूड मार्ग निवडावा असे मला वाटते.

याहून मोठी काळजी उन्हाची आहे. शरीर उष्णतेला सरावायला साधारण १० ते १४ दिवस घेते. त्या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. तोवर नेहमीच्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात. हवा दमट असेल तर घाम सुकत नाही आणि अंग तापतच राहते. म्हणजे तेवढ्याच श्रमात अंतर कमी होते, पण नकाशाला फक्त अंतर कळते. सकाळची लांब धाव झालेली असताना पुढचे गाव दोनच किलोमीटरवर दिसते म्हणून संध्याकाळी पुन्हा बूट चढवण्याचा मोह कोणालाही होईल, आणि नेमका तोच मला टाळायचा आहे.

म्हणून किलोमीटरऐवजी मिनिटे मोजावीत, असा माझा विचार आहे. समजा सावकाश धावण्याची किंवा भरभर चालण्याची सात मिनिटे म्हणजे नकाशावर एक किलोमीटर धरला, तर उन्हात वेग उतरला म्हणून कोणी मागे पडणार नाही. शिवाय मार्गावरील मोठ्या गावी मुक्काम ठेवायचा; त्या दिवशी कोणाचेच अंतर धरायचे नाही, म्हणजे विश्रांतीही प्रवासाचाच भाग होईल.

ज्यांनी असा सराव केला किंवा इतरांकडून करून घेतला आहे, त्यांनी कृपया सांगावे: मिनिटांच्या हिशेबात वेगाने धावणाऱ्यांचा उत्साह टिकतो का? मुक्काम आठवड्यातून एकदा पुरतो, की दर चौथा आठवडा पूर्णच हलका ठेवावा? आणि नकाशावरील जागा रोज दाखवावी, की आठवड्यातून एकदाच, म्हणजे रोजच्या चढाओढीला वाव राहणार नाही?