तरुण बासरीवादकाची दीड तासाची मैफल: माइक, एसी आणि रागांचं काय करावं?

सांगलीकर_रसिक:
नमस्कार मंडळी. आकाशवाणीच्या संगीत स्पर्धेत पहिल्या आलेल्या एका तरुण बासरीवादकाची मैफल ठरते आहे. दीडशे खुर्च्यांचा एसी हॉल, संध्याकाळी साडेसहा ते आठ. बासरी पांढरी तीनची, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा असलेली. तबलजी इथलेच, तंबोरा मिरजेहून आणायचा. साउंडवाला एरवी लग्नं आणि भाषणं करतो. माइक कुठे लावायचा, एसी चालू ठेवायचा का, आणि स्पर्धेत मोजकी मिनिटं वाजवणाऱ्या मुलाला दीड तास देताना त्याच्याशी आधी काय बोलून घ्यायचं?

फेडर_वर_खाली:
आधी वारा बंद करा, माइकचं नंतर. मंचावरचा पंखा बंद आणि एसीचा झोत प्रेक्षकांकडे वळवलेला. बासरीत फुंकर छिद्राच्या पलीकडच्या काठावर फुटते तेव्हा स्वर तयार होतो. आडवा वारा लागला की फुंकर काठावरून सरकते, स्वर फाटतो, मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, तर उमटतच नाही. लोकांना वाटतं पोरगं घाबरलं.

आता माइक. तोंडासमोर अजिबात नको, कारण फुंकर छिद्र ओलांडून सरळ पुढे येते आणि माइकवर फुस्स-फुस्स आपटते. फुंकीच्या छिद्रापासून सात-आठ इंचांवर, ओठांच्या पातळीपेक्षा थोडा वर, छिद्राकडे तिरका बघणारा ठेवा. काही जण तो बोटांच्या छिद्रांवर रोखतात, तेही चूक. आवाज फुंकीच्या छिद्रातून येतो तसाच पहिल्या उघड्या छिद्रातूनही येतो, आणि ते उघडं छिद्र दर स्वराला बदलतं. माइक तिथे जवळ आणला की एक स्वर मोठा, पुढचा बारीक. बहुतेकांची बासरी उजवीकडे जाते, पण वादक डावखुरा असेल तर स्टँड दुसऱ्या बाजूला (बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया डावीकडेच धरतात), हे आधी विचारून घ्या. शुअर एसएम ५७ हा साधा माइक पुरतो. कंडेन्सर (जास्त संवेदनशील माइक) लावलात तर मॉनिटरचा (वादकाकडे तोंड असलेल्या स्पीकरचा) आवाज जपून वाढवा, शिट्टी लगेच येते.

पांढरी तीनच्या बासरीचा सगळ्यात खालचा स्वर मंद्र पंचम, म्हणजे साधारण २४७ हर्ट्झ. त्यामुळे तिच्या चॅनलवर १५० हर्ट्झच्या खालचं सगळं बिनधास्त कापायला सांगा. भाषणाच्या सवयीने ट्रेबल चढवायचा नाही, नुसती हवाच ऐकू येते. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) पातळ, दीड-दोन सेकंदांचा; त्याहून लांबवलात तर द्रुत ताना एकमेकींत कालवल्या जातात.

मंद्र_पंचम:
वर वाऱ्याचं सांगितलंय, पण एसीचा खरा घोळ सुराचा आहे. हवा थंड झाली की बासरी उतरते, दर अंशाला सुमारे तीन सेंट (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर). ग्रीनरूममध्ये ३० अंश आणि मंचावर २२ असेल तर हिशेबाने चोवीस सेंट, जवळजवळ पाव अर्धस्वर. श्वासाने बासरी आतून तापते म्हणून प्रत्यक्षात फरक कमी पडतो, पण तबल्याच्या सोलोत बासरी चार मिनिटं मांडीवर पडली की पुन्हा थंड. तंबोऱ्याच्या तारा याच्या उलट वागतात, गारव्यात आखडून चढतात. दोघं दोन दिशांना निघाले की काय ऐकू येईल ते सांगायला नको.

बासरीला खुंटी नाही. फुंकीचं छिद्र ओठाकडे किंवा ओठापासून वळवून थोडं सावरता येतं, पण दीड तास तेच करत बसलं तर आवाजाचा गोलावा जातो. म्हणून तबला आणि तंबोरा त्या दिवशीच्या, तापलेल्या बासरीला लावायचे. पेटीला नाही, मोबाईलवरच्या ट्यूनरलाही नाही. एसी पाच वाजताच २५-२६ वर लावा, वाद्यं पाऊण तास मंचावर राहू द्या, मग सूर लावा. नंतर रिमोट कुणाच्या हाती देऊ नका.

मिरजेत 'तंबोरा हवा' एवढंच सांगून भागणार नाही. पुरुषांचा तंबोरा काळी एकच्या आसपास लावलेला असतो, बायकांचा काळी चार-पाचच्या. पांढरी तीन बरोबर मधे येते. एक ताणला तर तार तुटते, दुसरा उतरवला तर तारा सैल पडून जवारी, म्हणजे तारांची झणकार, बिघडते. पट्टी सांगा, तशा जाडीच्या तारा चढवून घ्या, आणि दोन दिवस आधी आणून त्याच सुरात ठेवा. नव्या तारा सुरुवातीला उतरत राहतात. तबल्याचं तोंडही पट्टीला साजेसं हवं.

सांगलीकर_रसिक:
हे तर डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. रागांबद्दल? समितीचा आग्रह आहे की लोक टिकावेत म्हणून सुरुवातीलाच एखादी धून (हलकी, सोपी चाल) ठेवावी.

विलंबित_झपताल:
नका ठेवू. धुनीनंतर आलाप म्हणजे श्रीखंडावर वरण-भात.

स्पर्धेची तयारी म्हणजे थोड्या वेळात आलाप, गत (तबल्याबरोबरची बंदिश), ताना, तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) सगळं दाखवणं. तोच आराखडा नुसता ताणला तर पंचविसाव्या मिनिटाला सामान संपतं आणि मग शेवटचा जलद 'झाला'च वाढत जातो. त्यामुळे त्याला मिनिटं नेमून देऊ नका, पण ढोबळ मांडणी विचारा: आलाप-जोड (तबल्याविना, जोड लयीत) पंचवीस मिनिटं, झपताल किंवा रूपकातली गत वीस, द्रुत तीनताल दहा-बारा, मग छोटा दुसरा राग, शेवटी धून. वेळ पाहता यमन किंवा पूरिया धनाश्री शोभेल. मारवा म्हणाला तर तंबोरेवाल्याला आधी कळवा, मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणून तंबोऱ्याच्या पंचमाच्या तारेवर निषाद लावावा लागतो.

यमन घेतला तर एक जागा कान देऊन ऐका. सहा छिद्रांच्या बासरीत सगळी छिद्रं उघडी म्हणजे तीव्र मध्यम (चढा म), आणि लगेच वरचा पंचम सगळी बंद करून, फुंकर वाढवून. सहा बोटं एकदम पडतात, म्हणून म-प ची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं) तिथे तुटते. जुन्या पिढीतले बासरीवादक पन्नालाल घोष यांनी खाली सातवं छिद्र घेतलं ते मंद्र तीव्र मध्यमासाठी, पण तेच बंद ठेवून फुंकर वाढवली की मधल्या सप्तकातला तीव्र मध्यम मिळतो आणि करंगळी उचलत पंचमावर सरकता येतं. या मुलाची बासरी सहाची असेल तर तो ही जागा कशी झाकतो यावर त्याची तालीम कळते.

मंद्र_पंचम:
धून छोट्या बासरीवर वाजवणार असेल तर पट्टी बदलेल. दुसरा तबला आधीच लावून बाजूला झाकून ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर नवी पट्टी तयार असू द्या. नाहीतर ऐन रंगात आलेल्या लोकांना पाच मिनिटं हातोडीच ऐकावी लागते.